पालथा परवाना

गाडीच्या पुढच्या काचेवर दंडाचं पिवळं पाकीट चिकटलेलं पाहून इद्रिस प्रॉबर्टना आधी वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या तरी गाडीपाशी आलो. म्हणून ते दोन पावलं मागे सरले आणि त्यांनी नंबर वाचला. नंबर त्यांचाच होता. जमिनीवर रंगवलेला जागेचा आकडा वाचला. जागाही त्यांचीच होती. मग त्यांनी चष्मा पुसून काचेतून आत डोकावलं. स्टिअरिंगच्या पुढे जिथे पार्किंगचा परवाना असायला हवा, तिथे धूळ होती. परवाना खाली, बायकोच्या सीटपुढच्या रबरी पायपुसण्यावर, पालथा पडला होता.

"तू काल दार आपटलंस," ते बायकोला म्हणाले.

"आपटलं," एअरवेन म्हणाली. "चॅपलमध्ये माझ्याबरोबर गाणाऱ्या सगळ्या बायकांसमोर तू मला बेसूर म्हणालास, म्हणून आपटलं. पुन्हा म्हण, पुन्हा आपटीन."

एरवी या वाक्याला प्रॉबर्टनी सडेतोड उत्तर दिलं असतं. पण आज त्यांचं लक्ष वरच्या खिडक्यांकडे होतं. त्यांनी पाकीट झटकन उपटलं, कोटाच्या आतल्या खिशात कोंबलं आणि एखाद्या पाकीटमारासारखी मान खाली घालून गाडीत बसले. तळमजल्यावरच्या मिसेस बेनन खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालत होत्या. त्यांनी हात हलवला. पाणी कुंडीतून ओसंडून खाली ठिबकत होतं, तरी त्यांचा हात हलतच होता.

लपवण्यासारखं होतंच तसं. वेल्समधल्या पेनार्थच्या किनाऱ्यावरच्या त्या सोळा बिऱ्हाडांच्या इमारतीत विनापरवाना गाड्यांना दंड करणारी पार्किंगची कंपनी आणली होती ती अध्यक्ष या नात्याने प्रॉबर्टनीच. उन्हाळ्यात आइस्क्रीम खायला येणारी कार्डिफची मंडळी खुशाल इमारतीच्या आवारात गाड्या लावून समुद्रावर जायची. प्रॉबर्ट उभा जन्म बसमध्ये तिकीट तपासनीस होते. 'तिकीट होतं हो साहेब, आत्ता हातात होतं' हे त्यांनी इतक्या लोकांकडून ऐकलं होतं, की माणूस खरं बोलत असण्याची शक्यता त्यांनी कायमची मोडीत काढली होती. त्यांनी कंपनीशी करार केला, नियम केले आणि खांबाखांबावर पाट्या लावल्या. गेल्या शरद ऋतूत मिसेस बेननचा परवाना असाच घसरून सीटखाली गेला आणि त्यांना दंड झाला, तेव्हा त्या बिचाऱ्या परवाना हातात घेऊन जिने चढून वर आल्या होत्या. प्रॉबर्टनी त्यांना दारातच ऐकवलं होतं, "परवाना असणं ही एक गोष्ट आणि परवाना दिसणं ही दुसरी गोष्ट, मिसेस बेनन. समिती कुणाच्याही दंडात पडणार नाही." पुढच्या बैठकीत त्यांनी हे वाक्य ठराव म्हणून मंजूरही करून घेतलं.

"भरून टाक आणि मोकळा हो," एअरवेन म्हणाली. "लवकर भरला तर अर्ध्यावर सोडतात."

"आणि गुन्हा कबूल करू? माझ्याकडे परवाना आहे!"

"आहे रे. पण दिसत नव्हता."

"तू कुणाच्या बाजूची आहेस?"

"मी पाठीमागच्या सीटवर बसत जाईन आता," एअरवेन म्हणाली.

त्या संध्याकाळी प्रॉबर्टनी कंपनीला चार पानी तक्रार लिहिली. त्यात समुद्राचा वारा, दारांचे धक्के आणि कायदा पाळणाऱ्या नागरिकाची अवहेलना हे सगळं आलं. पत्राला पुरावा जोडायचा तर तो अस्सल हवा. झेरॉक्स दाखवणाऱ्या प्रवाशाला त्यांनी आयुष्यात कधी सोडलं नव्हतं. म्हणून त्यांनी मूळ परवानाच पाकिटात घातला.

"हा पाठवलास तर काचेवर काय लावणार?" एअरवेनने विचारलं.

"प्रकरण न्यायप्रविष्ट असताना कोण दंड करेल?"

दुसऱ्याच दिवशी झाला.

दोन पिवळी पाकिटं खिशात आल्यावर प्रॉबर्टनी गाडी आवारातून हलवली आणि टेकडीवरच्या रस्त्यावर नेऊन ठेवली. तिथे फुकट होतं, पण चढ असा, की दूध आणि बटाटे घेऊन घरी उतरताना माणसाचे गुडघे आधी घरी पोचत आणि माणूस मागाहून. वेल्समधला पाऊस सांगून येत नाही आणि सांगून जातही नाही. त्यामुळे प्रॉबर्ट रोज थोडेथोडे भिजू लागले. शिवाय वर सीगल पक्ष्यांचं राज्य. त्यांनी आठवड्याभरात गाडीचा निळा रंग जवळजवळ पांढरा केला.

इकडे आवारात अध्यक्षांची जागा रिकामी. इमारतीने तिच्याकडे पाहिलं आणि आपापसांत विचार केला. चार दिवसांनी दारावर टकटक झाली. मिसेस बेनन फडक्यात गुंडाळलेले गरम वेल्श केक घेऊन उभ्या होत्या.

"काही बोलू नका," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी समजू शकते. माझे मिस्टरही एकदा असेच महिनाभर गेले होते. पण परत आले."

"कोण गेलंय?" प्रॉबर्ट म्हणाले.

"मिसेस प्रॉबर्ट. गाडी घेऊन."

"कोण आलंय, इद्रिस?" आतून एअरवेनचा खणखणीत आवाज आला.

मिसेस बेननना आनंद झाला की निराशा, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. केक मात्र त्यांनी परत फडक्यात गुंडाळायला घेतले. प्रॉबर्टना काय वाटलं कोण जाणे, केकच्या वासामुळे असेल किंवा गुडघ्यांमुळे, पण ते म्हणाले, "मिसेस बेनन, आत या. मला तुमची सही हवी आहे."

कारण नवीन परवाना मिळवायला समितीच्या पदाधिकाऱ्याची सही लागायची. अध्यक्षाने स्वतःच्या अर्जावर स्वतः सही करू नये, हाही नियम प्रॉबर्टांचाच. राहता राहिल्या सचिव, म्हणजे मिसेस बेनन. आता सही मागायची तर कारण सांगणं आलं. प्रॉबर्टनी चहाच्या कपाकडे बघत सगळं सांगितलं. पायपुसणं, पालथा परवाना, पहिलं पाकीट, दुसरं पाकीट. एअरवेनने मध्ये मध्ये 'आणि दार मी आपटलं' अशी भर घातली.

मिसेस बेनननी शांतपणे सही केली. केक पुन्हा बाहेर काढले. आणि जाता जाता दारात वळून म्हणाल्या, "पायपुसण्यावर होता म्हणता? माझा निदान सीटखाली होता."

हे तेवढं झोंबलं.

नवीन परवाना आला. गाडी खाली आली, धुऊन निघाली. प्रॉबर्टनी परवाना काचेला अशा काही चिकटपट्ट्यांनी जखडला, की गाडी मोडीत निघाली असती तरी तो जागचा हलला नसता. आणि मग कंपनीचं उत्तर आलं. परवाना दर्शनी भागात नव्हता, सबब दोन्ही दंड कायम. जोडलेली कागदपत्रं परत मिळणार नाहीत. मात्र इमारतीच्या समितीने तशी विनंती केल्यास न भरलेले दंड मागे घेता येतील. भरून झालेली प्रकरणं मिटलेली समजली जातील.

प्रॉबर्टनी फोन लावला. पलीकडे केली नावाची मुलगी होती.

"समितीकडून विनंती पाठवा ना, सर. लगेच रद्द करते."

"समिती विनंती करू शकत नाही. तसा ठराव आहे."

"असा कसा ठराव? सगळ्या इमारती पाठवतात की. आम्ही दर आठवड्याला करतो रद्द. तुमच्याकडूनच कधी येत नाही." तिने जरा थांबून काळजीने विचारलं, "तुमचे अध्यक्ष फार कडक आहेत का, सर?"

"आहेत," प्रॉबर्ट म्हणाले आणि फोन ठेवला.

स्वतंत्र लवादाकडे जायची सोय होती. तेही करून झालं. लवादाने फार सभ्य भाषेत कळवलं, की अर्जदाराबद्दल आम्हाला सहानुभूती वाटते, पण सहानुभूती आमच्या अधिकारात येत नाही. समितीकडे जावं.

आता वार्षिक सभेखेरीज मार्ग उरला नाही. सभा तळमजल्यावरच्या सामाईक खोलीत होती. प्रॉबर्टनी भाषण आरशासमोर घोकलं. एअरवेन पलंगावर बसून ऐकत होती.

"त्यात 'नैसर्गिक न्याय' सात वेळा आलंय," ती म्हणाली, "आणि 'चुकलो' एकदाही नाही."

"मी कुठे चुकलो?"

एअरवेन उठली आणि सभेसाठी आपला कोट शोधू लागली.

सभेला सगळी बिऱ्हाडं हजर होती. अध्यक्षांची बायको पळून गेली होती की नाही, याचा निकाल लागायचा होता. छप्पर, लिफ्ट आणि कचऱ्याचे डबे यांची चर्चा उरकली आणि प्रॉबर्ट उभे राहिले. भाषणाचा कागद हातात होता. समोर पाहिलं तर पहिल्याच खुर्चीत मिसेस बेनन मांडीवर पर्स ठेवून बसल्या होत्या. प्रॉबर्टनी कागदाची घडी घातली.

"मला दंड झाला," ते म्हणाले. "परवाना खाली पडला म्हणून. पालथा. दोनदा झाला. म्हणजे पडला एकदाच; दुसऱ्यांदा मी तो पोस्टाने पाठवला होता." कागदावर यातलं काहीच नव्हतं. "मिसेस बेनन वर आल्या होत्या, तेव्हा मी जे बोललो ते... तेव्हा मी चुकलो."

मग मागून दातांचे निवृत्त डॉक्टर हॅवर्ड खाकरले.

"मलाही झाला होता. नाताळात. गाडी चुकून उलटी लावली, परवाना भिंतीकडे. मी गुपचूप भरून टाकला."

"का? मला का नाही सांगितलंत?" प्रॉबर्टनी विचारलं.

"तुम्हाला?" डॉक्टर हॅवर्ड म्हणाले. "मी आयुष्यभर लोकांचे दात उपटले, प्रॉबर्ट. पण तुमच्या दारावर टकटक करायची माझी छाती झाली नाही."

वरच्या मजल्यावरची रिअन हॉस्पिटलात नर्स होती. ती म्हणाली, "मी रात्रपाळी करून आले, परवाना लावायचा राहिला. मीही भरला. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही."

"आत्ता सांगितलंस," तिचा नवरा बाजूच्याच खुर्चीतून म्हणाला. "आणि मीही भरलाय. मार्चमध्ये."

मग बांध फुटला. कुणाचा परवाना उन्हाने फिका झाला होता, कुणाच्या कुत्र्याने चावला होता, कुणाच्या काचेवर बर्फ साचलं होतं. बाकीच्या पंधराच्या पंधरा बिऱ्हाडांनी निमूटपणे, एकमेकांपासून लपवून दंड भरला होता. त्या आवारात बाहेरच्या गाड्या येणं केव्हाच बंद झालं होतं, आणि कंपनी इतके दिवस केवळ रहिवाशांवर गुजराण करत होती. लोक हसत होते, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. इमारतीत एवढा गलका नव्या वर्षाच्या रात्रीही कधी झाला नव्हता. फक्त प्रॉबर्ट उभे होते. बसावं की नाही, ते त्यांना कळत नव्हतं.

मिसेस बेनननी पर्स बाजूला ठेवली. "जुना ठराव रद्द करावा आणि समितीने यापुढे रहिवाशांसाठी विनंती पाठवावी, असं मी सुचवते."

"पण भरलेले दंड परत मिळणार नाहीत," प्रॉबर्ट घाईघाईने म्हणाले. "न भरलेलेच फक्त रद्द होतात."

"न भरलेले कुणाकुणाचे आहेत?" मिसेस बेनननी विचारलं.

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. मग एकेक करून सगळे प्रॉबर्टकडे पाहू लागले.

"मग मिस्टर प्रॉबर्टचे दोन्ही रद्द करावेत," मिसेस बेनन म्हणाल्या. "कोण कोण अनुकूल?"

सगळे हात वर गेले. डॉक्टर हॅवर्डनी तर दोन्ही हात वर केले. रिअनच्या नवऱ्याने 'शाबास' अशी आरोळी ठोकली. कुणाच्याही आवाजात कुचकेपणा नव्हता, आणि नेमकं तेच प्रॉबर्टना सहन होईना. कुणी शिवी दिली असती तर त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली असती. वर मिसेस बेनननी त्यांना पुढच्या वर्षासाठी अध्यक्ष म्हणून सुचवलं, आणि तेही एकमताने मंजूर झालं.

"जिंकलास की," जिना चढताना एअरवेन म्हणाली. "तोंड का असं?"

"सगळ्यांनी भरले गं. बेननबाईंनीसुद्धा."

"हो."

"आणि माझे माफ."

"हो, बाळा," एअरवेन म्हणाली आणि तिने त्यांचा हात धरला. हे तिने बऱ्याच वर्षांत केलं नव्हतं.

सकाळी एअरवेन अंडी उकडत होती. प्रॉबर्ट स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून फोन कानाला लावून होते. समोर बँकेचं कार्ड ठेवलं होतं.

"अभिनंदन, सर!" पलीकडून केलीचा आनंदी आवाज आला. "तुमच्या सचिवबाईंची विनंती रात्रीच आली ईमेलने. दोन्ही दंड रद्द केलेत मी."

"ते कळलं. मला ते भरायचे आहेत."

"काय?"

"दोन्ही. पूर्ण. सवलत नको."

"नाही भरता येणार, सर. रद्द झालेत. इथे खातंच बंद दिसतंय. सिस्टीम पैसे घेणार नाही."

"मग उघडा खातं."

"सर, समितीने एकमताने माफ केलेत. आता ते फक्त... मला खरंच माहीत नाही, असं आजवर कुणी विचारलेलं नाही."

एअरवेनने गॅस बारीक केला आणि ती खुर्ची ओढून शेजारी बसली. प्रॉबर्टनी पाठ ताठ केली, आणि बसमध्ये 'तिकीट दाखवा' म्हणायचे त्या आवाजात ते म्हणाले, "मला दंड रद्द करण्याच्या निर्णयाविरुद्ध अपील करायचं आहे. फॉर्म कुठला भरायचा?"

"तसा फॉर्मच नाहीये, सर."

"मग तुमच्या साहेबांना विचारून एक तयार करा," प्रॉबर्ट म्हणाले. "मी थांबतो."