अण्णाकाका आणि परदेशी फुगा

आमच्या अण्णाकाकांच्या गच्चीवर पापड ओळीत वाळत घालायला बंदी आहे.

पेणसारख्या पापडांच्या गावात राहून पापडावर बंदी म्हणजे फारच झालं, असं तुम्ही म्हणाल. पण बंदी पापडावर नाही, ओळीवर आहे. "सरळ ओळ वरून बघणाऱ्याला लगेच कळते," अण्णाकाका सांगतात. "झाडं ओळीत उगवत नाहीत, गुरं ओळीत बसत नाहीत. ओळ दिसली की तो समजणार, इथे काहीतरी शिस्तीचं चाललंय." म्हणून माईकाकू पोह्याचे पापड चादरीवर असे पसरते, की जणू भांडण होऊन कुणीतरी भिरकावलेत. पाण्याच्या टाकीवर गोणपाट टाकलेलं आहे. दोरीवर भडक कपडे चालत नाहीत. मी एकदा लाल साडी नेसून गच्चीवर गेले, तर मला दंडाला धरून जिन्यात ओढलं. "लक्ष्य झालीस ना गो आत्ता!"

या नियमाला घरात एकच अपवाद आहे, माईकाकूची छत्री. ती चांगली शेंदरी आहे, मारुतीच्या अंगावरून खरवडून काढल्यासारखी. अण्णाकाकांनी स्वतः आणून दिलेली. "ही कशी चालते?" मी विचारलं. "तो फसवा माल आहे," ते म्हणाले. "शत्रू छत्रीकडे बघत बसेल, बाकीचं सुटेल."

शत्रू कुठला, ते सांगत नाहीत. आकाशाला डोळे आहेत म्हणणारा हा माणूस नेमका तेव्हा भिंतीला कान आहेत म्हणून गप्प बसतो.

अण्णाकाका माझे सख्खे काका. एस.टी.त कंट्रोलर होते. उभा जन्म स्टँडवरच्या खोलीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली हे माईकवर सांगण्यात गेला. त्यांना मूलबाळ नाही, त्यामुळे लाड आणि ओरडा, दोन्ही पुतणी म्हणून माझ्याच वाट्याला आले. लग्न होऊन मी रोह्याला गेले, तरी दर शनिवारी पेणला रामवाडीत त्यांच्याकडे चक्कर असतेच.

काळजी करणं ही आमच्या घराण्यातली गुडघेदुखी आहे, कुणालाच चुकलेली नाही. गॅस बंद केला का, या शंकेनं मी वाटेतल्या निडी स्टेशनात गाडीतून उतरून परत रोह्याला गेलेली बाई आहे. गॅस बंद होता. दार मात्र मी जाताना सताड उघडं टाकून गेले होते. तेव्हा अण्णाकाकांना हसण्याचा मला काही अधिकार नाही. तरी मी हसते.

त्यांची ही आकाशाची काळजी सुरू झाली ती टीव्हीवरच्या फुग्यापासून. कुठल्याशा देशावर दुसऱ्या देशाचा भलामोठा पांढरा फुगा तरंगत आला, आणि तो हवामान बघतोय की हेरगिरी करतोय यावर तिथे रण पेटलं. विरोधक म्हणाले, सरकार झोपलं होतं. सरकार म्हणालं, लोकांच्या डोक्यावर पडायला नको, समुद्रावर गेला की पाडू. पुढे आपल्याकडेही सीमेवर ड्रोन दिसल्याच्या बातम्या येऊ लागल्या आणि अण्णाकाकांची झोप उडाली. त्यांनी थेट सरकारला अर्ज पाठवला: 'रायगड जिल्ह्यावर परदेशी फुगा आल्यास तो कोणत्या खात्याने पाडावयाचा?' उत्तर आलं, आपला अर्ज संबंधित विभागाकडे पाठवला आहे. अण्णाकाका तो कागद घेऊन गल्लीभर फिरले. "बघा! म्हणजे संबंधित विभाग हाय!"

तेव्हापासून ते दुर्बीण घेऊन गच्चीवर बसतात. दुर्बिणीची एक काच गेलेली आहे, त्यामुळे एक डोळा मिटून. आणि संध्याकाळी कधीकधी एकदम स्टँडवरच्या आवाजात ओरडतात, "प्रवाशांनी लक्ष द्यावं! रामवाडीची परतीची गाडी डाव्या हाताला लागलेली आहे!" गल्लीतले लोक म्हणतात, कंट्रोलर रिटायर झाले, माईक नाय झाला.

मध्ये एक गोष्ट घडली होती, तीही सांगून टाकते. मागच्या वर्षी माईकाकू एका दुपारी हायवेवरच्या थांब्यावर सापडली. खांबच्या गाडीची वाट बघत होती. खांब तिचं माहेर, पण तिथे आता कुणी नाही, घराला कुलूप आहे. अण्णाकाका म्हणाले, "गाडीची वेळ बघायला गेली होती. कंट्रोलरची बायको ना!" आम्ही सगळे हसलो. गॅसची, दाराची, साऱ्या जगाची काळजी वाहणारी मी, तिथेच तेवढी हसून मोकळी झाले.

अण्णाकाकांच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर एक खोली आहे. तिथे पेन्शनर मंडळी जमतात, तिला कट्टा म्हणतात. फुग्यावरून कट्ट्यात दोन पक्ष पडले होते. 'पाडा' पक्षाचे पुढारी अण्णाकाका. 'थांबा' पक्षाचे म्हात्रेदादा, खाडीकडच्या गावातले, मिठागरात आयुष्य गेलेलं. रोजच्या भांडणाला कंटाळून शेवटी ठरलं, की रीतसर चर्चा करून मत घ्यायचं आणि निकाल सरकारला कळवायचा. सरकार वाट बघत होतं असं कुणाला वाटलं, ते मला माहीत नाही. अध्यक्ष निःपक्षपाती, बाहेरगावचा हवा म्हणून मला बसवलं. रोहा बाहेरगाव आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

अण्णाकाकांनी आठ दिवस तयारी केली. चार फुलस्केप कागद भरले. मला दोनदा फोन केला. "हे बघ, बाय, माझं भाषण पाचच्या आत झालं पायजे."

"का हो?"

"पाचनंतर लोकांचं लक्ष नसतं."

आता मी पडले निःपक्षपाती. काकांची पुतणी म्हणून कुणी बोट दाखवू नये, म्हणून मी म्हात्रेदादांना पहिला नंबर दिला आणि वर पाच मिनिटं जास्त दिली. म्हात्रेदादांनी त्या मिनिटांचं सोनं केलं.

"बगतंय तर बगू दे की त्याला! आमच्या मिठागरात काय बगणार? मीठ! वरून बगून चव लागंल काय त्याला? आणि हा अण्णा म्हणतो, पाडा. अरं, पण पडंल कुणाच्या डोक्यावर? तुझ्या का माझ्या? सरकारनं घाई करायची नाय. नजर ठेवायची, दमानं घ्यायचं, खाडीपार समुद्रावर गेला का मग टोचायचं. घाईनं पाडलेलं काय बी धड हाताला लागत नाय."

टाळ्या पडल्या. अण्णाकाका सारखे घड्याळ बघत होते. उभे राहिले तेव्हा पाच वाजून गेले होते.

"सज्जनहो! गाडी सुटल्यावर तिकीट तपासून काय उपयोग? बघायचं तर समोर येऊन बघा, सांगून बघा. डोक्यावर बसून गुपचूप बघणं, हे…" इथे ते जरा अडखळले. "हे वाईट. आणि हे दिसत असताना जे सरकार हातावर हात ठेवून थांबतं, ते सरकार…"

तेवढ्यात दारासमोरून शेंदरी छत्री गेली. "देवळात जाऊन येते हं," माईकाकूचा आवाज आला.

अण्णाकाकांनी चार कागद टेबलावर ठेवले आणि ते खोलीबाहेर पडले. जिन्यावर त्यांच्या चपलांचा आवाज वर वर गेला.

"काय रं अण्णा, फुगा आला का काय?" म्हात्रेदादा ओरडले आणि खोली हसून लोळली.

पाच-दहा मिनिटं वाट बघून मी हात वर करायला लावले. 'थांबा' पक्ष जिंकला. 'पाडा'च्या बाजूनं हात वर करायला पुढारीच जागेवर नव्हता. मला इतका राग आला! आठ दिवस जिवाचा आटापिटा करायचा आणि सगळ्यांसमोर असं हसं करून घ्यायचं? मी तणतणत जिने चढले.

"काका, अहो काय हे? खाली सगळे…"

"गप गो." ते कठड्याशी उभे होते, एक डोळा मिटून, दुर्बीण लावून. दुर्बीण आकाशाकडे नव्हती.

मी खाली पाहिलं. देवळाकडून येणारा रस्ता आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर फुटतो. येणाऱ्याच्या डावीकडे आम्ही, उजवीकडे हायवे, जिथून कंटेनर धडधडत जातात. त्या कोपऱ्यावर शेंदरी छत्री उभी होती. एका जागी. आधी डावीकडे कलली, मग उजवीकडे. मग नुसतीच उभी राहिली.

"मी जाते खाली. हात धरून आणते."

"थांब." त्यांनी माझं मनगट धरलं. "मागच्या वेळी हात धरूनच आणली होती. आठ दिवस उंबऱ्याबाहेर पाय नाय टाकला तिनं. म्हणाली, मी आता एवढी पण उरले नाय का? तेवढं देऊळ तरी राहू दे तिला."

"पण काका, हायवे…"

"मला दिसत नाय का हायवे?"

ते आवाज न चढवता बोलले. खाली थोड्याच वेळापूर्वी थांबणाऱ्या सरकारची सालटी काढायला निघालेला माणूस माझं मनगट धरून थांबला होता. छत्री उजवीकडे वळली. एक पाऊल, दोन पावलं, तीन. मनगट माझं दुखायला लागलं होतं आणि सोडवून घ्यायचं मला सुचत नव्हतं.

मग अण्णाकाकांनी दुर्बीण खाली केली, छाती भरून श्वास घेतला आणि स्टँडवरचा तो आवाज लावला.

"प्रवाशांनी लक्ष द्यावं! रामवाडीची परतीची गाडी डाव्या हाताला लागलेली आहे! डाव्या हाताला!"

समोरच्या बाल्कनीतून कुणीतरी खिदळलं. "आला, कंट्रोलरचा माईक आला!"

शेंदरी छत्री थांबली. सावकाश फिरली. आणि आमच्या गल्लीत वळली.

अण्णाकाका पापडांच्या चादरीशेजारी मटकन खाली बसले. "काय करणार? दुसरं काय बोललो तर तिला कळेल," ते म्हणाले. "हे ओरडलं की लोक मला हसतात. तिला कुणी हसत नाय." मग पापडांकडे बघत, "चोरून बघतो गो मी. तिला सांगितलेलं नाय."

आम्ही खाली आलो तेव्हा माईकाकू कट्ट्याच्या दाराशी छत्री मिटत होती. मला म्हणाली, "ऐकलंस ना? रस्त्यावर लाज वाटते बघ मला यांच्या ओरडण्याची." आणि छत्री दाराला टेकवून म्हणाली, "बस, चहा टाकते." ती वर गेली. प्रत्येक पायरी मोजल्यासारखी.

कट्ट्यातली मंडळी अजून बसलेली होती. मी इतिवृत्त लिहायला घेतलं. अण्णाकाका टेबलापाशी आले.

"अध्यक्षबाई, माझी एक दुरुस्ती लिहा."

"निकाल लागला रं अण्णा," म्हात्रेदादा म्हणाले. "आता कसली दुरुस्ती?"

"फुगा पाडायचाच. त्यात बदल नाय. पण पाडायच्या आधी त्याला एकदा विचारायचं."

"फुग्याला? काय विचारणार?"

"कुणी आपलं माणूस शोधतोयस का, म्हणून."

कुणीतरी हसायला सुरुवात केली. म्हात्रेदादा हसले नाहीत. ते दाराला टेकवलेल्या त्या शेंदरी छत्रीकडे बघत होते. मग त्यांनी माझ्यापुढचा कागद बोटानं सरळ केला.

"लिव गो बाय," ते म्हणाले. "सर्वानुमते, असं लिव."