मारुतीअण्णांचा उलटा हात

मारुतीअण्णा कुणाच्याही घरी गेले, की आधी भिंतीला भेटतात. माणसांची पाळी त्यानंतर. उंबरठा ओलांडला की उजव्या हाताची उलटी बाजू भिंतीला लावायची, डोळे मिटायचे, बोटाने दोनदा टकटक करायचं आणि मग म्हणायचं, "राम राम. चहा टाकायला सांगा."

अण्णा रंगारी, आमच्या शेजारचे. बिदरजवळच्या आमच्या भालकीतली निम्मी घरं त्यांच्या हातची, आणि उरलेली निम्मी त्यांनी नापास केलेली. आता सत्तरीला आलेत, शिडीवर चढत नाहीत, पण तपासणी सुटलेली नाही. तळवा मात्र कधी लावणार नाहीत. "तळव्याला घाम असतो, तो फसवतो. उलटा हात खोटं बोलत न्हाई."

माझ्या मेव्हण्याने उदगीर रोडला नवं घर बांधलं. वास्तुशांतीच्या पंगतीत अण्णा शांतपणे म्हणाले, "मोरीमागची भिंत रडायलीय." मेव्हणा वर्षभर त्यांच्याशी बोलला नाही. पुढे पावसाळ्यात त्या भिंतीचे पापुद्रे सुटले, तेव्हाही बोलला नाही. पण तेव्हा कारण वेगळं होतं.

माझी मुलगी वैशाली बेंगळूरला आधुनिक चित्रांच्या एका मोठ्या संग्रहालयात नोकरीला लागली. लोकांना फिरवायचं, चित्रं समजावून सांगायची. "एकदा बघायला या बाबा," म्हणून तिचे फोन. मी निघालो, तर अण्णा पिशवी भरून दारात उभे.

"मी बी येतो. पोरगी भाड्याच्या खोलीत राहायलीय. तिथली भिंत कोण बघणार?"

खोली पास झाली. दुसऱ्या दिवशी संग्रहालयाच्या पायरीवर वैशालीने त्यांना हात जोडले. "अण्णा, इथं कशालाच हात लावायचा नाही. माझी नोकरी अजून कच्ची आहे."

"चित्राला कामून लावीन मी?"

"भिंतीलाही नाही."

अण्णांचा चेहरा उतरला. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले, डाव्याने उजवा घट्ट धरला आणि आत शिरले.

दुसऱ्या दालनात दाराएवढं एक चित्र होतं. नुसतं निळं. मी घाईने पुढे सरकलो, कारण मला काही विचारलं तर पंचाईत होती. अण्णा मात्र तिथेच थांबले. "रंगाचे पाच हात दिलेत. आन् एकेक हात पुरता वाळू दिलाय. हा माणूस घाईचा न्हाई."

वैशाली त्यांच्याकडे बघतच राहिली. "त्या चित्रकाराला हे करायला अख्खं वर्ष लागलं होतं अण्णा." तिने खिशातली वही काढून त्यांचं वाक्य टिपून घेतलं.

तिसऱ्या दालनात अण्णा एका मोठ्या, जुन्या कॅनव्हासपुढे उभे राहिले. चित्राकडे बघतच नव्हते. त्याच्या खालच्या भिंतीकडे बघत होते. नाक थोडं पुढे केलं, हुंगलं. पाठीमागे डाव्या हाताने उजवा सोडला, ते मला दिसलं, आणि मी काही म्हणायच्या आत उलटा हात भिंतीला टेकला होता.

गार्ड धावत आला. त्याच्यामागून सुपरवायझर आला. अण्णांनी हात काढला नाही. "भिंत वली हाय. चित्र उतरवा," ते आधी मराठीत आणि मग कन्नडात म्हणाले.

"एसी आहे. सगळ्याच भिंती गार असतात," सुपरवायझर म्हणाला.

"गार येगळं, वल येगळी."

सुपरवायझर वैशालीकडे वळला. "ही तुमची माणसं का?"

चारपाच लोक जमले होते. वैशाली पुढे झाली. "हो. माझे अण्णा आहेत. ते म्हणतायत तर एकदा तपासा सर. जबाबदारी माझी."

संचालकबाई आल्या. त्यांनी ओल मोजायचं यंत्र मागवलं. ते भिंतीला लावलं, तर काटा सरळ लाल रेघेच्या पलीकडे गेला. मग चौघांनी हातमोजे घालून चित्र उतरवलं. मागे परातीएवढा करडा डाग होता. आत एसीच्या पाण्याची नळी पाझरत होती. चौकटीची खालची पट्टी नुकती दमट झाली होती. कॅनव्हास कोरडाच होता.

"आठ दिवस गेले असते तर चित्र हातचं गेलं असतं," बाई म्हणाल्या. त्या मूळच्या बेळगावकडच्या, त्यामुळे मराठी चांगली बोलत होत्या. "अण्णा, बाकीची दालनंही बघून द्याल?"

मग जी वरात निघाली, ती मी जन्मात विसरणार नाही. पुढे अण्णा, उलटा हात भिंतीवर. मागे यंत्र घेतलेला माणूस, त्यामागे बाई, सुपरवायझर, मान ताठ केलेली वैशाली आणि शेवटी गार्ड, ज्याने अण्णांची पिशवी स्वतःच उचलली होती. अण्णा आधी निकाल सांगायचे, यंत्र नंतर. अकरा दालनांत एकदाही दोघांचं मत वेगळं पडलं नाही. वरच्या मजल्यावर आणखी एक ओली जागा निघाली, तेव्हा बघायला आलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी गंभीरपणे त्यांना नमस्कार केला.

नंतर बाईंच्या खोलीत चहा आला. त्यांनी मोठी नोंदवही उघडली. "ही नोंद कायम राहते आमच्याकडे. चित्र कुणामुळे वाचलं तिथं तुमचं पूर्ण नाव घालते. सांगा."

"इंदरबाई मारुती मेत्रे," अण्णा म्हणाले.

बाईंचं पेन थांबलं. मीही अण्णांकडे बघितलं. इंदरबाई मला आठवत होत्या. नाकाला पदर बांधून भिंती घासणाऱ्या, बादल्या उचलणाऱ्या. आम्ही सगळे समजायचो, अण्णांच्या हाताखाली आहेत.

"लगीन झालं तवा मला नुसता ब्रश धरता यायचा," अण्णा म्हणाले. "वल कशी वळखायची, ते तिनं शिकवलं. माझा हात धरून भिंतीला लावायची."

"त्या नाही आल्या?" बाईंनी विचारलं.

"न्हाई आता ती. सात वर्सं झाली." अण्णांनी कप बशीत नीट ठेवला. "पन नाव तिचंच लिवा. ती असती तर दारातच सांगितली असती. मला तिसऱ्या खोलीपस्तोर जावं लागलं."