दोरा असलेली तुरटी

"तुरटी फिरवायला काय अक्कल लागते? रसायनशास्त्रात वर्गात पहिली आहे मी!" मंजुश्रीनं बाही वर सारली.

देगलूरच्या डाळमिलवाल्या मल्लिनाथअप्पांची ही एकुलती एक लेक. डॉक्टर व्हायचं म्हणून लातूरच्या क्लासला आली, तोवर घरात पाण्याचा पेला कुठे ठेवतात हेही तिला ठाऊक नव्हतं. पेला आपोआप हातात येई. आणणाऱ्या हाताचं नाव सिद्धम्मा. काही फुटलं, सांडलं, जळलं की दोषही सिद्धम्माचाच. घरची रीतच होती तशी!

आज अप्पा येणार होते. फोनवर त्यांनी बजावलं होतं, "मंजू, आल्या माणसाला नीट पाणी देता आलं तर एकटी राहा. न्हाई तर सिद्धम्माला तिथंच ठेवून येतो."

खोली जेमतेम दोघींची, तिची आणि हुस्नाची. सिद्धम्मा आली की हुस्नाला दुसरी जागा शोधावी लागणार. आणि किल्लारीची हुस्ना ही मंजुश्रीला तोंडावर 'येडी हायस का?' विचारणारी आयुष्यातली पहिली मैत्रीण! ती जाऊन कसं चालेल?

कधी नव्हे तो नळ आला होता आणि चहाच्या रंगाचं पाणी देऊन गेला होता.

"माठात तुरटी फिरव. फळीवरच्या डब्यात हाय," असं सांगून हुस्ना दूध आणायला गेली.

फळीवर डबे दोन. मंजुश्रीनं पहिला उघडला. पांढरे, पारदर्शक, टोकदार स्फटिक. तुरटीच! सूत्र तर तिला स्फटिकजलासकट पाठ होतं. खड्यातून दोराही निघालेला. धरायची सोय! किती विचार करतात लोक!

खडीसाखर तिनं पाहिली नव्हती असं नाही. पण ती देवापुढच्या चांदीच्या वाटीत, ज्वारीच्या दाण्याएवढी.

ती खडा फिरवू लागली. खडा भराभर झिजला. 'उच्च प्रतीची दिसते,' ती मनाशी म्हणाली. गाळ मात्र ढिम्म! मग दुसरा खडा. मग तिसरा. डबा रिकामा झाला तेव्हा तिच्या हातात नुसते दोरे होते आणि माठातला चहा आता गोडही झाला होता!

हुस्ना दूध घेऊन आली, तिच्या पाठोपाठ अप्पा आणि अप्पांच्या मागे ट्रंक सांभाळत सिद्धम्मा.

"बसा अप्पा," मंजुश्री रुबाबात म्हणाली. पाहुण्याला पाण्याआधी गोड द्यायचं, एवढं तिला माहीत होतं. तिनं दुसरा डबा उघडला. पहिल्यात तुरटी, म्हणजे ही खडीसाखरच, जरा मोठी एवढंच! त्यातला चांगला टपोरा खडा तिनं बशीत ठेवला.

अप्पांनी तो कौतुकानं तोंडात टाकला.

ओठ आत गेले, गाल आत गेले, डोळे बाहेर आले! न्हाव्यानं तोंडाच्या आतून दाढी करून वर तुरटी फिरवावी, तसा अप्पांचा चेहरा झाला.

"प... प..."

"पाणी मागायलेत!" सिद्धम्मानं माठातून पेला भरून दिला. अप्पा घटाघटा प्यायले आणि पेल्याकडे बघतच राहिले.

सिद्धम्मानं माठात बोट बुडवून चाखलं. मग तिला ते दोरे दिसले. "अव्वा! माठात खडीसाखर, अन् मालकाच्या तोंडात तुरटी?"

"क... कुणी... केलं?"

"चूक माझी हाय अप्पा," हुस्ना घाईनं म्हणाली. "कोणता डबा ते म्या सांगितलंच न्हाई."

मंजुश्रीनं सवयीनं सिद्धम्माकडे पाहिलं. सिद्धम्मानंही सवयीनं मान खाली घातली. दोष घ्यायला तयार! ती मान पाहून मंजुश्रीचे कान तापले.

"मी केलं, अप्पा. हुस्नानं न्हाई, सिद्धम्मानं न्हाई. मीच."

अप्पांनी दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. रागावले होते की जीभ वळत नव्हती, कळायला मार्ग नव्हता.

"सिद्धम्मा, ट्रंक गाडीत ठेव," शेवटी शब्द फुटले.

"म्हणजे मी एकटी राहू?"

"राहा. आपल्यात काही बिघडलं अन् ते सिद्धम्मानं केलं न्हाई, असं आज पहिल्यांदाच झालं!"

दुसऱ्या दिवशी माठ पुन्हा भरला. मंजुश्री आता शहाणी झाली होती. पाण्यात बुडवण्याआधी तिनं खडा चांगला चघळून पाहिला. तुरटीच होती!

आणि क्लासमध्ये सरांनी नेमकं तिलाच उभं केलं. "मंजुश्री, तुरटीचं सूत्र सांग."

उत्तर तयार होतं. ओठ उघडेनात.

"येतं तिला, सर," मागून हुस्ना म्हणाली. "तोंड सुटलं की सांगते!"