बोलता माणूस पाहिजे

हिराजीदादांना वेल्डिंगला बोलवायचं तर पाण्याच्या बादलीबरोबर एक बोलणारा माणूस तयार ठेवावा लागतो. बोलणारा म्हणजे अखंड बोलणारा. दादा मास्क चढवून कामाला लागणार आणि आपण मागे उभं राहून काहीही बोलत राहायचं. अधूनमधून मास्कच्या आतून विचारणा होते, "मग?" आपण थांबलो की दादांचा हातही थांबतो.

दादांची अंजूरची शेती गोदामांखाली गेली तेव्हा आलेल्या पैशांतून भावांनी गाड्या घेतल्या, दादांनी वेल्डिंगचं मशीन घेतलं. मानकोली नाक्याजवळ त्यांचं पत्र्याचं दुकान आहे. त्यांचा युक्तिवाद बिनतोड असतो.

"काली काच लावली का मी आंधला. ठिणगी पाठी कुठं पडते, मना काय दिसते? बघनारा पाहिजे. आन तो जागा हाय का न्हाय, मना कसा समजल? तोंड चालू पाहिजे."

भिवंडीत हे पटायला वेळ लागत नाही. इथं जिकडे तिकडे कापूस, कापड आणि चिंध्या.

एक लूमवाले सेठ एरवी मोजून मापून बोलणारे. त्यांना मी घामाघूम होऊन मेहुण्यांची भांडणं सांगताना ऐकलंय. शेवटी ते काकुळतीला आले, "हिराजीभाई, सब बोल दिया. अब क्या बोलूँ?" आतून आवाज आला, "मग?" कुणी हुशारीनं रेडिओ लावला तर दादा मास्क वर करून शांतपणे विचारतात, "याला आग दिसते?" देवळाच्या रेलिंगच्या वेळी अख्खं भजनी मंडळ हजर झालं, तेही नापास. भजनात मध्येच 'मग?' विचारता येत नाही, अशी तक्रार.

हे सगळं मी पूर्वी रंगवून सांगायचो. आता तसं सांगवत नाही.

शेलार गावात माझं कापडाचं छोटं गोदाम आहे. गेल्या उन्हाळ्यात शटरची पट्टी निखळली, म्हणून दादांना बोलावलं. त्यांनी आधी गठ्ठे लांब सारायला लावले, जड होते त्यांच्यावर ओली गोणपाटं टाकली, माझा टेरिकॉटचा शर्ट बघून तोंड वाकडं केलं. "पेटला तं अंगाला चिकटंल. सुती घाला. आन माझ्या हाताकडं बघू नका, शेठ, डोल्यात वालू गेल्यावानी हुईल. ठिणगी पडते तिथं बघा. आन बोला."

बोलायला मी काही कमी नाही. आत्याची बकरी पुढाऱ्याच्या सभेत घुसली होती, ती गोष्ट सुरू केली. बकरी व्यासपीठावर चढली इथवर आलो आणि घशाला कोरड पडली, म्हणून चहाचा घोट घेतला.

"मग?" आतून आलं. मी घोट गिळत होतो.

दादांनी हातातलं टाकलं, मास्क ओरबाडून काढला आणि गर्रकन वळले. चेहरा पांढराफटक. मी हसून ग्लास दाखवला. ते हसले नाहीत. माझा दंड धरून मला नीट न्याहाळलं, मग उरलेलं काम पुरं केलं.

काम झाल्यावर तासभर राखणीला बसायचं, हा त्यांचा दुसरा नियम. ठिणगी कापडात दडून बसते आणि उशिरा पेट घेते. आम्ही गठ्ठ्यांवर बसलो.

"चांगुना असायची राखनीला," दादा म्हणाले. चांगुणा त्यांची बायको. ती गेली एवढं मला ठाऊक होतं. कशी, ते कधी विचारलं नव्हतं.

"तिचा तोंड बंद नसायचा. मी कंटालायचो. त्या दिशी सकाली भांडलो आमी. तरी आली, बोलत व्हती. मधीच थांबली. मी 'मग?' केला. काय न्हाय. मना वाटला, रुसली. म्हटला, बरा झाला, जरा शांतता. हातातला रॉड जलून संपू दिला, मग मास्क काढला. बघतो तं भुईवर पडलेली. डॉक्टर बोलला, हार्ट." त्यांनी दोन्ही हात समोर धरून लांबी दाखवली. "एक रॉड, शेठ. एवढासा असतो."

मला भडभडून आलं. दादा गोणपाटांवर नजर ठेवून होते, पण मी गप्प झालो तसे त्यांचे हात गुडघ्यांवर अस्वस्थ होऊ लागले.

"तर काय सांगत होतो," मी म्हटलं, "बकरी व्यासपीठावर चढली."

"मग?" दादा म्हणाले.

बकरी खरं म्हणजे तिथंच पकडली गेली होती. मी तिला खाडीकाठानं पार अंजूरपर्यंत पळवली.