नकळत चालण्याचा सराव

नैसर्गिकपणा ही काही आपोआप घडणारी गोष्ट नव्हे. तिला कसून पूर्वतयारी लागते. घरात मिररलेस कॅमेरा आला आणि बाळाच्या आईला हे सत्य उमगलं. बाळाच्या बाबांनी रस्त्यावरचे फोटो काढण्यासाठी कॅमेऱ्याची सेटिंग्ज लावायला घेतली, आणि दिवाणखाना तूर्तास त्या कार्याकडे वर्ग झाला.

प्रगतीचा आढावा असा: आवाज बंद. दिवा बंद. कंपनीच्या नावावर काळी पट्टी (लोक बिचकू नयेत म्हणून. आतापर्यंत फक्त बाळ रडलं, तेही पट्टी चाटू दिली नाही म्हणून). फोकस तीन मीटरवर पक्का. म्हणजे ज्याला जगायचंय त्याने तीन मीटरवर येऊन जगावं. अलीकडे-पलीकडे जगल्यास धूसर.

मग घरातच सराव सुरू झाला. सासूबाईंच्या हातात पिशवी देण्यात आली.

"आई, स्वयंपाकघरातून निघ आणि नकळत चाल."

"तूच सांगतोयस, मग नकळत कशी चालू रे?"

"कॅमेऱ्याकडे बघू नकोस."

"त्याच्याकडे कोण बघतंय? तू खुर्चीमागे दडलायस ते बघून हसू येतंय मला!"

सराव शंभर टक्के पूर्ण झाला. फोटोंची टक्केवारी अद्याप हाती आलेली नाही.

इकडे बाळ दहा महिन्यांचं झालेलं. त्याचे सगळे फोटो आईनेच फोनवर काढलेले, त्यामुळे ती स्वतः एकातही नव्हती (एका फोटोत तिचा अंगठा आहे, पण नुसत्या अंगठ्यावरून आई ओळखणं पुढे बाळाला जड जाईल). तिला एकच फोटो हवा होता, बाळ कडेवर असतानाचा. आणि बाळ तर सोफा धरून उभं राहू लागलेलं. कडेची मुदत संपत आली होती.

"अरे, आमचा एक काढ ना."

"बसवून काढलेला फोटो स्ट्रीट फोटोग्राफीत बसत नाही गं."

बायकोचा फोटो निघत नाही, वाटसरूचा निघतो. तेव्हा तिने वाटसरू व्हायचं ठरवलं. केस विंचरले, बाळाला टोपी घातली आणि खालच्या रस्त्यावर नवऱ्यासमोरून परक्यासारखी चालू लागली. पहिल्या फेरीला बाळ "बाबाऽ" म्हणून ओरडलं (नैसर्गिकपणा रद्द). दुसरीला ती अर्धा मीटर जास्त जवळून गेली. तिसऱ्या फेरीत बाळाने तिच्या केसांतला चिमटा उपटला आणि समोरून येणाऱ्या पोस्टमनच्या थैलीत टाकला.

पोस्टमनने तो काढून उलटसुलट पाहिला. "ताई, याला तिकीट लागेल."

ती जी हसत सुटली! केस तोंडावर, डोळ्यांत पाणी, बाळही तिच्या गालाला नाक लावून खिदळतंय. कॅमेऱ्याचा पुरता विसर. अंतर बरोब्बर तीन मीटर.

"मिळाला!" बाबा किंचाळले (आवाज फक्त कॅमेऱ्याचा बंद होता).

दोघांनी डोक्याला डोकं लावून पडद्यावर पाहिलं. तिथे लिहिलं होतं: कार्ड नाही. कार्डाविनाही बटण दाबता यावं अशी सोय त्या यंत्रात आहे. फोटो साठवायचं कार्ड घरी संगणकात होतं, सेटिंग्जची प्रत करायला दिलेलं. सेटिंग्ज सुखरूप आहेत.

"पुन्हा तसंच हस ना," बाबा म्हणाले. "नकळत."

त्यांचा चेहरा इतका पडला होता की तिलाच कीव आली. तिने बाळ त्यांच्या कडेवर दिलं, फोन काढला आणि बापलेकरांचा फोटो घेतला. उत्तम आला.

हे वाचून ज्यांना हसू आलं असेल त्यांनी आपले लहानपणीचे फोटो उघडावेत. तुम्ही कॅमेऱ्याकडे बघून हसताय असं वाटेल. वास्तविक त्यामागे जी उभी आहे तिच्याकडे बघून हसताय. त्यानंतर तुम्ही तिचा एखादा फोटो काढला असल्यास कळवावे.