आधीचे तीस सेकंद

हवालदार घरी येऊन बुटाचे बंद सोडत होते, तेवढ्यात बायकोनं पोलिसांच्या छातीवर लावायच्या नव्या कॅमेऱ्याच्या नियमांची पुस्तिका मिटली. घरात आलेला कुठलाही कागद शेवटपर्यंत वाचायचा, ही तिची जुनी खोड. औषधाच्या खोक्यातली चिठ्ठीसुद्धा तिच्या तावडीतून सुटत नसे.

"अहो, अकरावं पान वाचलंत का?"

"सातव्यापर्यंत वाचलंय. समोरच्याला सांगायचं, मग बटण दाबायचं. झालं!"

"बटण दाबलं की आधीचे तीस सेकंदही साठतात म्हणे. आवाजासकट."

हवालदारांचा एक बूट पायातच राहिला. सकाळी कपड्यांच्या दोरीवरून जुंपलेल्या दोन शेजाऱ्यांकडे जाताना, जिन्यात ते ड्रायव्हरला म्हणाले होते, "साहेबांचं काय जातंय! ते खुर्चीतून उठतात फक्त जेवायला." आणि लगेच दारात छातीवरचं बटण दाबलं होतं.

"मग पुसून टाकतो की," हवालदार घाईनं म्हणाले.

"पुसलं तर नोकरी जाते. सहावं पान."

"बघतं कोण?"

"साहेब. दर शनिवारी."

लेकीचं बाळंतपण आठवड्यावर आलं होतं, पहिलंच नातवंड, आणि रजेचा अर्ज त्याच साहेबांच्या टेबलावर. हवालदारांनी पुस्तिका उचलून खिशात घातली.

शनिवारी बोलावणं आलंच. हवालदार आत शिरले तेव्हा साहेब फोन आदळून पुटपुटत होते, "देव अक्कल वाटत होता तेव्हा आमचे मोठे साहेब कुठं गेले होते कुणास ठाऊक!" मग त्यांची नजर वर गेली. "समज देताना रेकॉर्ड करायचं, असा नियम आहे," म्हणत त्यांनी आपल्या छातीवरचं बटण दाबलं. "हं. मी खुर्चीतून कधी उठतो म्हणालात?"

हवालदारांना राहवेना. "साहेब, आपण अकरावं पान वाचलंय?"

"मी? सातव्यापर्यंत. का?"

"बायकोनं दाखवलं," म्हणत हवालदारांनी खिशातून पुस्तिका काढून ते पान उघडून ठेवलं. साहेबांनी ते बोट ठेवून वाचलं. पुन्हा वाचलं. मग छातीवरच्या लुकलुकणाऱ्या लाल दिव्याकडे पाहिलं.

"तुमचं मी बघतो," ते हळूच म्हणाले. "माझं कोण बघतं?"

"मोठे साहेब. चौथं पान."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "माझा बदलीचा अर्ज त्यांच्याकडेच पडलाय हो!" मग त्यांनी रजेचा अर्ज ओढला आणि सही ठोकली. "जा. दोघांपैकी एकाचा तरी अर्ज सुटू दे."

हवालदार दारापर्यंत पोचले.

"थांबा! बाराव्या पानावर काही सुटका लिहिलीय का, तेवढं घरी विचारा."

"विचारलं साहेब," हवालदार म्हणाले. "पुस्तिका अकराव्या पानावरच संपते."