फ्लेक्सवरचे शुभेच्छुक

सर्जेराव फडतऱ्यांच्या फ्लेक्सवरच्या शुभेच्छुकांनी पावसाचं पाणी अडवायला नकार दिला, तेव्हा वैजयंतीबाई झाडांना टांगलेल्या झोळीत अर्ध्या चढल्या होत्या.

जंगलातल्या मुक्कामाला तंबू महाग म्हणून त्यांनी भंगारवाल्याकडून वाढदिवसाचा जुना फ्लेक्स आणला होता. भोकं पाडली तर फाटतो, म्हणून कोपऱ्यांत गोटे गुंडाळून त्यांवर दोऱ्या आवळल्या होत्या. वरची कड दोन झाडांमधल्या दोरीला बांधली होती, खालची वाऱ्याच्या बाजूला खुंट्यांना. छापील बाजू आत होती. त्यामुळे वरून ‘भावी सरपंच’ सर्जेराव हात जोडून हसत होते आणि खालच्या कडेला शुभेच्छुकांची रांग होती.

"सगळा लोंढा आमच्यावर येतोय," रांगेतले चष्मेवाले बबनराव म्हणाले. "आम्ही गोटे सोडतोय."

"आत्ता?" वैजयंतीबाईंनी विचारलं.

"कळवल्याशिवाय सोडणं बरं दिसत नाही, म्हणून सांगितलं."

शेजारच्या झोळीत कुंदाताई खोकल्या. न्यूमोनियातून उठल्यावर त्या पहिल्यांदाच घराबाहेर पडल्या होत्या. जंगलात नेऊ नका म्हणून घरच्यांनी बजावलं होतं. वैजयंतीबाईंनीच हट्टानं नणंदेला आणलं होतं.

"वन्सं, शाल घट्ट घ्या," म्हणून त्या खाली उतरल्या आणि सर्जेरावांकडे वळल्या. "अहो, तुमची माणसं आहेत. तुम्ही काही बोला."

"कार्यकर्ते भावनिक झालेत," सर्जेराव हसतमुखानं म्हणाले. "त्यांच्या पाठीशी मी खंबीरपणे उभा आहे."

"पाठीशी नाही, डोक्यावर!" कुणीतरी ओरडलं. पहिला गोटा सुटला. फ्लेक्स फडफडला आणि पाण्याचा सपकारा कुंदाताईंच्या पायांवर आला.

"यांची मागणी तरी काय आहे?" कुंदाताईंनी पाय आखडत विचारलं.

"फ्लेक्स उलटा बांधा," बबनराव म्हणाले. "आम्ही वर, साहेब खाली."

जोडलेले हात सर्जेरावांना सोडवत नव्हते.

"माझं तोंड चिखलात जाईल," ते हळूच म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

"इथे आम्ही दोघीच आहोत," वैजयंतीबाई म्हणाल्या. "आणि आम्ही तुमच्या गावच्याही नाही."

कुंदाताईंना खोकल्याची मोठी उबळ आली. सर्जेरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. छापल्यापासून पहिल्यांदाच त्यांचं हसू जरा मिटलं.

"बांधा उलटा," ते म्हणाले. "लवकर करा, बाईंना गारठा बाधेल."

वैजयंतीबाईंनी भिजत दोऱ्या सोडल्या, फ्लेक्स फिरवला आणि पुन्हा आवळला. बबनराव वरून "डावीकडे ताणा, अजून ताणा" अशा सूचना देत राहिले. एकाही शुभेच्छुकानं पुढे कुरकुर केली नाही. सगळा लोंढा सर्जेरावांच्या कपाळावरून, फेट्यावरून ओघळत होता. मिशांपर्यंत चिखल उडाला होता.

"साहेब, जमतंय ना?" वरून कुणीतरी काळजीनं विचारलं.

"येऊ दे पाणी," सर्जेराव म्हणाले. "बाईंचे पाय कोरडे आहेत का, तेवढं बघा."

पाय कोरडे होते. कुंदाताईंना केव्हा झोप लागली, ते त्यांनाही कळलं नाही.

सकाळी ऊन पडलं. वैजयंतीबाईंनी ओल्या फडक्यानं सर्जेरावांचा चेहरा पुसला आणि घडी घालताना विचारलं, "तुम्हाला आत घेऊ की बाहेर?"

"बाहेरच ठेवा," सर्जेराव म्हणाले. "वाटेत पाऊस लागला तर ही मंडळी भिजायला नकोत."